तिसऱ्या दिवसाचं सूप

रविवारी दुपारी फास्पाला बसायचं आणि कॉफी घ्यायची नाही, हे कॅनडातल्या मॅनिटोबातल्या त्या मेनोनाइट पंथाच्या गावात कुणी ऐकलेलं नव्हतं. पाव, चीज, गार मांस, लोणच्यातली काकडी आणि किटलीभर कॉफी, यालाच तर फास्पा म्हणायचं. आणि खुद्द नेटा ड्यूक, घरची बाई, कोमट पाणी पीत बसलेली!

"पाणी काय पितेस? गाय आहेस का गं?" तिची नणंद सारा म्हणाली.

"कॉफी सोडलीय. अंगावर गांधी उठतात."

"सोडलीस ना? मग मान का बीट चोळल्यासारखी?"

शहरातल्या डॉक्टरांनी नेटाला सांगितलं होतं, अंगातल्या मास्ट पेशी म्हणजे पहारेकरी. तुमचे पहारेकरी चोर नसतानाही बोंब मारतात, आणि त्या बोंबेचं नाव हिस्टामिन. गांधी कशाने उठतात ते एकेक पदार्थ सोडून शोधा. नेटाने पहिल्यांदा कॉफीच सोडली, कारण सगळ्यात आवडती तीच होती. देव मागेल तर आवडतं तेच मागेल, असं तिला वाटलं. त्रास वाढला. मग टोमॅटो गेले, चीज गेलं, सॉसेज गेलं. राहिलं एक साराचं कोंबडीचं सूप.

सारा दर बुधवारी नेटासाठी भलंमोठं पातेलं चढवायची. रात्रभर मंद आचेवर हाडं मऊ होईपर्यंत. "तिसऱ्या दिवशी खरी चव उतरते," असं सगळं गावच म्हणायचं. इथे येण्याआधी त्यांच्या आज्या रशियात उपाशी राहिलेल्या. त्या घरांत सूप ओतून देणं म्हणजे पापच. नेटा प्रार्थना करून तळापर्यंत निपटून खायची.

त्या रविवारी तिने तेच सूप वाटीभर घेतलं. थोड्याच वेळात ओठ जड झाले, आणि नवऱ्याला "कॉर्नी" अशी हाक मारायला गेली तर घशातून शिट्टी आली. एक वाक्य बोलायला सकाळची दुपार करणारा कॉर्नी विजेसारखा उठला आणि चर्चच्या झग्यावरूनच तिच्या मांडीत डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शनचं पेन खुपसलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही. सूप फक्त."

"कधीचं?"

"बुधवारचं."

बाईंचं पेन थांबलं. "चार दिवसांचं? रात्रभर उकळलेलं? अहो, शिळ्या मांसात हिस्टामिन वाढत जातं. तुमच्यासारखीला तेच नको."

नेटाला पलंग हलल्यासारखा वाटला. ज्या सुपाला ती औषध समजत होती, तेच!

"आणि कॉफी?"

"कुणाला सोसत नाही, कुणाला उलट बरं वाटतं. बरं वाटल्यावर थोडी घेऊन बघा. एकटीने नाही, इंजेक्शनचं पेन हाताशी ठेवून."

पुढच्या आठवड्यात नेटाने अर्धा कप कॉफी ओतली. समोर कॉर्नी, मुठीत पेन, जणू अस्वल येणार आहे. दोघं वाट बघत बसली. काहीही झालं नाही. मानेची आग तेवढी निवत गेली.

"म्हणजे... हिने काही केलंच नव्हतं?" नेटा कपाकडे बघत राहिली.

आता साराला सांगायचं कसं? न सांगावं तर पुढचं पातेलं येणार. ते घ्यावं तर जीव जाणार. सारा सुपाची बरणी घेऊन दारात आली तेव्हा नेटाने दारातच सांगितलं.

सारा पांढरीफटक पडली. "माझ्या सुपाने?" ती पायरीवरच बसली. "अगं, ढवळताना मी तुझ्यासाठी प्रार्थना करत होते."

सारा उठली आणि बरणी घेऊन तशीच निघून गेली.

बुधवारी पातेलं आलं नाही. सारा आली, हातात नुकतीच सोललेली कोंबडी.

"सकाळी अंगणात फिरत होती ही. माझ्यासमोर शिजव, माझ्यासमोर खा. उरेल ते मी खाऊन जाईन, तुझ्या घरात थेंब ठेवणार नाही."

"अख्खी कोंबडी खाशील?"

"तुझ्यापायी खावी लागणार की! आणि बघतेस काय? कॉफी टाक. गायीसारखं पाणी पाजू नकोस मला."

नेटाने दोन कप काढले.