कुलूप लावलेले चेहरे

"माणूस फोटोसाठी सरळ बसतो तो जिवंत असेपर्यंतच, नंतर तो कुणाचं ऐकत नाही."

हे वाक्य देसिमीर झिकिच माझ्या कारखान्यात बसून म्हणाला होता, हातात माझ्याच राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पेला धरून. मी थडग्यांचे दगड घडवतो. तो गावचा फोटोग्राफर. आमचं गिऱ्हाईक एकच असतं, फक्त त्याच्याकडे ते चालत जातं.

आमच्या तिमोक नदीच्या खोऱ्यात दगडावर फोटो लागतो. चिनीमातीचा, लंबगोल, छातीपासून वर. शहाणी माणसं जिवंतपणीच दगड उभा करून घेतात, जन्मसाल कोरून पुढची जागा मोकळी ठेवतात आणि रविवारी जाऊन स्वतःच्या थडग्यावरचं गवत काढतात. पण फोटोचं नाव काढलं की हीच माणसं कच खातात. यंदा नको, दात बसवायचेत. यंदा नको, जरा वजन उतरू दे. मग एक दिवस वजन उतरतं, आणि घरच्यांकडे उरतो तो ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात आमच्या गावचा प्रत्येक जण कोंबडी चोरताना सापडल्यासारखा दिसतो.

अशा वेळी रडून डोळे सुजलेला मुलगा नाहीतर सून देसिमीरच्या दुकानात जाई. देसिमीर टोपी काढी, उसासा टाकी आणि म्हणे, "बघतो हं. योगायोगानं एखादा असला तर."

हा योगायोग त्याच्याकडे नेहमी तयार असे. कारण लग्नात नवरीकडे पाठ करून तो म्हातारे टिपत असे. लग्नात म्हाताऱ्यांची आंघोळ झालेली असते, छातीवर पाहुण्यांना टोचतात ती सुवासिक रोजमेरीची काडी असते, दोन पेले पोटात गेलेले असल्यामुळे सगळ्या जगाला माफ केल्यासारखा चेहरा असतो. देसिमीर त्यांना पांढऱ्या भिंतीपाशी गाठी. "काका, जरा इकडं बघा. उजेड तपासतोय." डोक्याभोवती तो थोडी जास्त जागा सोडी. ती कशासाठी, हे त्याला ठाऊक होतं आणि मला, कारण लंबगोल कापायचं काम माझं.

सगळ्याच म्हाताऱ्यांना हा मान मिळत नसे. तो निवडत असे. कोण किती उरलाय ते आपल्याला कळतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि कुणाला कलिंगड वाजवून ओळखण्याचा असावा तसा त्याला याचा गर्व होता. एकदा त्यानं चुकून अख्खं कार्ड पुसलं, आणि त्यातला एक म्हातारा पुढच्याच आठवड्यात गेला. तेव्हापासून असा फोटो काढला की तो लगेच कॅमेऱ्यावरचं किल्लीचं बटण दाबी. फोटोच्या कोपऱ्यात छोटीशी किल्ली उमटे. मग तो फोटो पुसू म्हटलं तरी पुसला जात नसे. नवरीच्या फोटोला त्यानं असं कुलूप कधी लावलं नाही. "नवरी काय, परत काढता येते," तो म्हणे.

पण नवऱ्या त्याच्याकडून निसटत चालल्या होत्या. झायेचार शहरातून एक पोरगेला फोटोग्राफर येऊ लागला होता, ज्याचा कॅमेरा पंख्यावर बसून हवेत उडे आणि वऱ्हाडाची टकलं वरून दाखवी. लोकांना आपली टकलं फार आवडली. गावात लग्नाचं सभागृह एकच, व्लास्ताचं. त्या उन्हाळ्यात व्लास्तानं देसिमीरला स्पष्ट सांगितलं, "माझ्या पोरीचं, नेवेनाचं लग्न तुला देतो. जुनी ओळख म्हणून. काहीतरी नवं करून दाखवलंस तर सभागृहाची सगळी लग्नं तुझी. नाहीतर तो झायेचारवाला. मग तू ओळखपत्राचे फोटो काढत बस."

देसिमीरचा भाचा ओग्न्येन व्हिएन्नाला असतो. ऑगस्टमध्ये तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मामासाठी एक बिनतारी कार्ड आणलं. दिसायला साधं, कॅमेऱ्यात बसणारं, पण आत इवलासा रेडिओ. फोटो काढला की आपोआप हवेतून लॅपटॉपमध्ये जातो, आणि तिथून सभागृहाच्या पडद्यावर. ओग्न्येननं ते सगळं स्वतः जुळवलं आणि वर एक शहाणपण केलं. सगळाच कचरा पडद्यावर नको, म्हणून ज्या फोटोंना कुलूप लावलंय तेवढेच जातील, अशी सोय केली. भिंतीचा एक फोटो काढला, किल्लीचं बटण दाबलं, भिंत पडद्यावर आली. वाढप्यांनी टाळ्या वाजवल्या. देसिमीर त्या वेळी बाहेर व्लास्ताला सांगत होता की हे शिकणं फारसं अवघड नाही, निदान त्याच्यासारख्याला.

जाताना भाचा म्हणाला, "मामा, निवडक फोटोच जातील. कसे ते समजून घे ना नीट, पाच मिनिटं लागतील."

"कॅमेरा मी तुझ्या जन्माआधीपासून धरतोय," मामा म्हणाला. भाचा गाडीत बसला.

निवडक जातात, पण निवडतो कोण, हा प्रश्न देसिमीरला पडला नाही. चांगलं काय ते ओळखणारं दुसरं कुणीतरी जगात अखेर जन्माला आलं, एवढाच अर्थ त्यानं काढला. लग्नाच्या दिवशी तो टेबलाटेबलावर सांगत फिरला, "हुशार कार्ड आहे. चांगला फोटो ओळखतं. वाईट पाठवतच नाही."

चर्चमधून वरात आली, तुताऱ्या वाजल्या, डुक्कर कापून ताटांत पडलं. नवरा-नवरीच्या मागे मोठा पडदा निळाशार उजळला होता, आणि निळाच राहिला. देसिमीरनं नवरीला बसवलं, उठवलं, नवऱ्याच्या बाहीत हात घालायला लावला. पडदा निळा. केक कापला. निळा. व्लास्ता टेबलाच्या टोकाशी उभा राहून एकदा पडद्याकडे बघत होता आणि एकदा देसिमीरकडे.

"काय रे, येत का नाही काही?"

"निवडतंय," देसिमीर म्हणाला. "इतका चांगला अजून सापडला नसेल."

नेवेनानं हे ऐकलं. "म्हणजे मी चांगली दिसत नाही का, देसिमीरकाका?"

"तसं नाही गं. कार्ड जरा कडक आहे."

पडदा तसाच राहिला, तसा देसिमीर घाबरला, आणि घाबरला की माणूस जे येतं तेच करतो. तो पांढऱ्या भिंतीपाशी गेला. "त्रायकोकाका, जरा इकडं. उजेड तपासतोय." बटण. किल्ली. मग स्तामेनिया आजी. मग आणखी दोघं-तिघं.

थोड्या वेळानं पडद्यावर त्रायको उगवला. एकटा, छातीपासून वर, भिंतीएवढा. टाळ्यांचा कडकडाट झाला. देसिमीर वाकून नमस्कार करू लागला. मग स्तामेनिया आजी आली. टाळ्या. मग मिलुन सुतार, ज्याचं एक फुप्फुस काढलेलं आहे. टाळ्या विरळ झाल्या. मग मिलुनची मेहुणी, जिला महिन्यापूर्वी झटका आला होता. तुतारीवाल्यानं तुतारी तोंडातून काढली. एकामागून एक, सगळे एकटे, सगळे सरळ, सगळ्यांच्या डोक्याभोवती तेवढीच जागा. आमच्या गावात असे फोटो कुठं असतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त खाली साल नव्हतं.

कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. मग स्तामेनिया आजी उठली, काठी टेकत पडद्याजवळ गेली आणि स्वतःकडे बघत राहिली.

"देसिमीर, मेल्या," ती म्हणाली, "डोक्यावरचा रुमाल वाकडा आहे माझा. आणि ह्या अवतारात मी तिथं जन्मभर राहायचं?"

"जन्मभर नाही गं आजी, नंतर," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळं सभागृह फुटलं. हसू थांबेना. टेबलं बडवली गेली. नव्वदी उलटलेला बोझिन आजोबा मात्र लाल झाला होता.

"मला का नाही काढलं? मी त्रायकोपेक्षा मोठा! गेलं वर्षभर दगड तयार आहे माझा!"

"तुला कसली घाई, आजोबा? तू आम्हाला पोचवून येशील," देसिमीर म्हणाला.

"असं म्हणतोस?" म्हातारा इतका खूश झाला की त्यानं देसिमीरच्या गालांचे तीन मुके घेतले. मग जी रांग लागली ती मी कुठल्याच फोटोग्राफरच्या दुकानासमोर पाहिलेली नाही. म्हाताऱ्या एकमेकींचे रुमाल सारखे करू लागल्या. काहींना फोटो हवा होता, आणि काहींना देसिमीरकडून एवढंच ऐकायचं होतं की तुमचा अजून नको. तो रांगेकडे बोट करून निवाडे देऊ लागला. "तू बस. तू ये. तू पुढच्या वर्षी बघू." मृत्यूच्या कचेरीत इतका मिजासखोर कारकून यापूर्वी बसला नसेल.

व्लास्ता हसून हसून डोळे पुसत त्याच्याजवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झायेचारवाल्याला कळवून टाका, येऊ नकोस म्हणावं! सभागृह देसिमीरचं!"

देसिमीरनं मान मागे टाकून पेला रिकामा केला. ती कार्डं त्या काळी हळू असत; एक फोटो पोचेपर्यंत माणूस दुसऱ्याच कामाला लागलेला असे. पडदा थरथरला आणि पुढचा फोटो आला.

तो व्लास्ताचा होता.

एकटा, छातीपासून वर, पांढऱ्या भिंतीपाशी, डोक्याभोवती तेवढीच जागा. मघाशी म्हाताऱ्यांना टिपून झाल्यावर, भिंतीजवळच्या दाराशी उशिरा आलेल्या पाहुण्यांचं तो स्वागत करत असताना काढलेला, आणि लगेच किल्ली लावलेला. देसिमीरनं आयुष्यात काढलेल्या फोटोंत तो सगळ्यांत चांगला होता, हे मी आजही म्हणेन. भिंतीएवढा झाल्यावर त्यात असं काही दिसत होतं जे टेबलावर समोर बसलेल्या माणसात दिसत नव्हतं. शर्टाची कॉलर मानेपासून सुटली होती, मधे सहज दोन बोटं गेली असती. डोळ्यांखालची कातडी मेणासारखी होती.

व्लास्ताला पन्नासही झालेली नव्हती.

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबवली. व्लास्ताचा हात अजून देसिमीरच्या खांद्यावर होता. त्याची बायको झ्लाता हातातलं ताट तसंच धरून पडद्याकडे बघत उभी होती. मग तिनं नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे.

"चुकून झालं असेल," नेवेना म्हणाली. "काका, चुकून ना? बाबांचा चुकून गेला ना?"

देसिमीरला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलेलं मी पाहिलं. पण चूक म्हटलं, तर रांगेतल्या प्रत्येकाला दिलेला निवाडाही चुकीचा ठरणार होता. गर्विष्ठ माणसाला खोटं बोलायलाही वेळ लागतो, आणि तेवढा वेळ व्लास्तानं दिला नाही. त्यानं हात काढून घेतला.

"तुला कुणी सांगितलं?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "त्या डॉक्टरनं?"

झ्लातानं ताट टेबलावर ठेवलं. "कुठला डॉक्टर, व्लास्ता?"

व्लास्ता देसिमीरकडेच बघत होता, आणि आता सगळेच बघत होते. रांगेतल्या म्हाताऱ्या भिंतीपासून बाजूला झाल्या. देसिमीरनं कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढला, कॅमेरा नवरीसमोरच्या केकशेजारी ठेवला, आणि टेबलांच्या मधून, कुणाकडेही न बघता दाराबाहेर निघून गेला.