कॉलेजचं गाणं

“काय करायलीस गं तू? गातीस का अजून?” शेजारच्या गच्चीवर बसलेल्या काकूंच्या फोनमधून कुणीतरी विचारत होतं. मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

काकूंच्या कॉलेजच्या मैत्रिणी इतक्या वर्षांनी ग्रुपवर भेटल्या होत्या. कुणी पुण्यात डॉक्टर, कुणी तहसीलदार. प्रत्येकीचा रेकॉर्ड केलेला निरोप ऐकून काकू फोनलाच म्हणायच्या, “लय मोठी झालीस की गं बाई!” पण उत्तर पाठवायच्या नाहीत.

आज मात्र त्यांनी गॅदरिंगमधलं गाणं हळूच रेकॉर्ड केलं, ऐकलं आणि पुटपुटल्या, “ह्या एवढ्याशा सोनपेठात बसून गायलीय म्हणून हसतेल समद्या. पुसूनच टाकते.”

मी सहसा कुणाशी बोलत नाही. पण कठड्यापाशी जाऊन म्हणाले, “काकू, पुसू नका. भांडी घासताना तुम्ही हेच गाता, मी रोज ऐकते.”