दिवामास्तरांचे पडदे

पडदे शिवण्याच्या त्या कारखान्यात मास्तरांना सगळे पाठीमागे दिवामास्तर म्हणत. काज करणारी मावशी तर तोंडावरच म्हणायची. तरुणपणी आपण किनाऱ्यावरच्या जुन्या दीपगृहाचे पडदे शिवले, असं मास्तर येईल त्याला सांगत. माप कागदावर आलं होतं, गठ्ठा बांधून गेला होता. लावलेले पडदे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"दिव्याला पडदा कशाला हो?" मावशी विचारायची. "लाज वाटते का त्याला?"

"माप आलं, शिवून दिलं," एवढंच मास्तर म्हणत. कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. एरवी माणूस शब्दाचा पक्का. उद्या देतो म्हटलं की उद्याच देणार. त्यामुळे या एका बाबतीत आपण थापाडे ठरलो, हे त्यांना फार लागून राहिलं होतं.

यंदाची सहल कुठे न्यायची, असं मालकीणबाईंनी विचारलं, तेव्हा मास्तर सगळ्यांच्या आधी म्हणाले, "दीपगृह."

गुडघे कुरकुरत होते, तरी ते कठड्याला धरून दीपगृहाचा गोल जिना चढू लागले. मागून मावशी येत होती. "अजून वेळ आहे, मास्तर. पडदे धुवायला गेलेत म्हणा, आम्ही मान्य करू."

वरच्या काचेच्या खोलीत मधोमध माणसाएवढं भिंग होतं आणि भोवताली फिकट रंगाचे पडदे ओढलेले होते. रखवालदाराने सांगितलं, "दिवसा हे बंदच ठेवतो. नाहीतर ऊन या भिंगातून जाऊन काहीतरी पेटायचं."

"पडदे आहेत बाई खरेच," मावशी म्हणाली. "पण मास्तरांचेच कशावरून?"

मास्तरांनी कापड चिमटीत धरलं. नवं होतं.

"जुने विरले. हे परवा-परवाच शिवून घेतले," रखवालदार म्हणाला.

मास्तरांनी कापड सोडून दिलं.

मावशीने मात्र, पडदा दिसला की कारखान्यातलं कोणीही करतं तेच केलं. वाकून खालची दुमड उलटून पाहिली. कोपऱ्यात बोटभर खिसा होता, रिकामा. वाऱ्याने पडदा उडू नये म्हणून मास्तर आपल्या प्रत्येक पडद्याला वजन ठेवायचा असा खिसा लावत. तो कारखान्यातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"त्या खिशाचं आम्हालाही कोडंच आहे," रखवालदार म्हणाला. "जुन्याला होता, त्यावर बेतून नवा शिवला, म्हणून यालाही आला."

मास्तरांनी चहूकडच्या बंद काचांवरून नजर फिरवली. "इथं वारा कुठून येणार? मला माप दिलं होतं, खोली कोणी दाखवली नव्हती."

मावशीने दुमड खाली सोडली आणि हाताने सारखी केली. मग ती जिन्याकडे गेली आणि एक पायरी उतरून थांबली.

"खांद्यावर हात ठेवा, दिवामास्तर. उतरताना गुडघे जास्त दुखतात."

मास्तरांनी हात ठेवला.