घरात सात वाजले

साऱ्या गल्लीची घड्याळं वठणीवर आणणाऱ्या घड्याळवाल्याच्या स्वतःच्याच घरी घड्याळ त्याला जुमानेना. सकाळी बरोबर लावून जावं, तर संध्याकाळी ते दोन तास पुढे. त्यानं ते दोनदा उघडलं, चाकं पुसली, तेल दिलं. दोष काही सापडेना. चौथ्या दिवशी त्याचं डोकंच फिरलं.

"पंधरा वर्षांत एकाही घड्याळानं मला असं नाचवलं नाही!"

बायको हसू दाबत म्हणाली, "घड्याळावर कशाला चिडतोस? तुझी लेक रोज स्टुलावर चढते, तिला विचार."

चार वर्षांची लेक कमरेवर हात ठेवून पुढ्यात उभी राहिली. "बाबा, तूच म्हणालास ना, छोटा काटा सातवर आला की मी येतो? मी रोज आणते त्याला सातवर. तूच येत नाहीस!"



दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला घड्याळवाल्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं. शेजारच्या चहावाल्यानं विचारलं, "आज इतक्या लवकर?"

"लवकर कसलं डोंबलाचं!" तो खेकसला. "घरी सात वाजलेत."