मावसाजींची फुंकर

जगातलं प्रत्येक दुःख कुठंतरी काहीतरी तुंबल्यामुळे होतं, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या बाभुळगावात एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा होता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मावसाजी तिथल्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिन सांभाळत. वीस वर्षं रुईच्या धुळीत गेलेली. घरी येताना खोकला पुढे आणि ते मागे. इंजिनाचं डिझेल गाळायला एक बोटभर पितळी नळी असे, धातूची भुकटी दाबून भाजलेली. दिसायला भरीव, पण सगळ्या अंगाने पाझरणारी. "हे पितळ नाही, गाव हाये," ते सांगत. "आत गल्ल्याच गल्ल्या. तेल गुमान चाललं तं जाते, घाईनं पयत सुटलं का अडते." नळी तोंडात धरून फुंकायची आणि गालांवर किती जोर येतो त्यावरून ती किती तुंबली ते ओळखायचं, ही त्यांची विद्या. ती त्यांनी चहाच्या गाळणीवर चालवली, सुरईवर चालवली. मुलीला पाहायला उमरखेडहून आलेल्या मुलाच्या हातात तर पोह्यांच्या आधी नळीच दिली. "फुका जरा." तो बिचारा लालबुंद झाला. "दम कमी हाये, पण माणूस कपटी नाही," असा निकाल देऊन त्यांनी लग्न ठरवलं. मावशी म्हणायची, "चुलीपाशी फुंकायले कधी आले नाहीत."

एका हंगामात इंजिन धापा टाकू लागलं. जिनाचे मालक शेटजी, त्यांनी यवतमाळहून तीन कोऱ्या नळ्या आणवल्या. मावसाजींनी तिन्ही फुंकल्या आणि तिन्ही बाद केल्या. "जाम हायेत." कापसाच्या गाड्या दारात उभ्या, शेटजी संतापलेले. मी शाळामास्तर, सहज गंमत पाहायला गेलो होतो. "मास्तर, तुम्ही फुंकून पाहा," शेटजी म्हणाले, "नाहीतर उद्यापासून इंजिनवाला दुसरा."

मी फुंकलं. तिन्ही नळ्यांतून वारा अगदी सहज गेला. मग मावसाजींकडे पाहिलं. एवढ्याशा फुंकण्याने त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तुंबलं होतं ते पितळ नव्हतं. इतकी वर्षं त्या खोकल्याला हसल्याची मला लाज वाटली.

"या दोन जाम आहेत," मी म्हणालो. "तिसरी चालेल."

शेटजी गाड्यांकडे वळले. मावसाजींनी तिसरी नळी न फुंकताच बसवली आणि इंजिन ठणठणीत चालू झालं. संध्याकाळी माझ्याबरोबर घरी जाताना ते दोनदा थांबले. दुसऱ्यांदा कुंपणाला धरून म्हणाले, "बापू, त्या दोनही मोकळ्याच होत्या ना?"

"नाही मावसाजी, जामच होत्या."

त्यानंतर नळी साफ केली की ती धोतराला पुसून माझ्याकडे पाठवत, आणि निरोप असे, "बापूले म्हणा, फुकून पाह्य."