आवणीचा गेम

शहापूरच्या कॉलेजात मी गेम प्रोग्रॅमिंगचा पेपर शिकवायला घेतला तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला. "पोरांना खेळायलाही शिकवावं लागतं का?" माझी जीभ तिखट आहे. उत्तर दिलं असतं तर त्यांना वर्षभर पुरलं असतं.

पहिल्या तासाला मी सांगते, गेम म्हणजे न थांबणारी फेरी. बटण दाबलंय का बघा, त्याप्रमाणे जग जरासं हलवा, नवं चित्र काढा, की पुन्हा पहिल्यापासून. एवढं डोक्यात बसलं की बाकी नुसती मेहनत.

डोळखांबकडच्या एका मुलीच्या ते लगेच डोक्यात बसलं. तिने भाताच्या आवणीचा गेम केला. खाचरात एक बाई. बटण दाबलं की ती रोप लावते आणि एक पाऊल पुढे सरकते. वेळ संपायच्या आत खाचर भरायचं. मी तो वर्गावर्गात दाखवला. मिरवलाच म्हणा ना.

परीक्षेला आठवडा असताना तिची आई लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, पोरगी कॉलेजात गेम खेळते असं गावात बोलतात. मी तिला न्यायला आलीय. आता नाय शिकवायची."

मुलीचा चेहरा पडला. मी म्हटलं, "न्या. पण आधी तिने काय केलंय ते बघा तरी."

आईने बटण दाबलं. चार-पाच वेळा दाबलं. मग लेकीकडे वळून म्हणाली, "ही बाय कुठली गो? पुढं चालतेय. लावलेली रोपं तुडवते सगळी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं बालपण धसईच्या शेतात गेलेलं. आवणी करताना मागे मागे सरायचं, हे मला कुणी सांगायला नको. मुलगी तर दरवर्षी आवणीला जाते. तरी महिनाभर दोघींच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

मुलीने तिथल्या तिथे प्रोग्रॅममध्ये अधिकच्या जागी उणे केलं. बाई मागे सरू लागली, आणि सरत सरत बांधातून आरपार गेली.

"बांध फोडून चालली!" आई खळखळून हसली.

बाईला बांधाशी थांबवायला मुलीला अर्धा तास लागला. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती. "रोपांच्या मुठी बांधावर ठेव. आणि तिची कंबर धरते गो, मधेच जरा ताठ उभी राहू दे तिला." मुलगी मान हलवत लिहीत होती. मला त्या दोघींचा एवढा अभिमान वाटला की अख्खी स्टाफरूम तिथे आणून उभी करावी.

एसटीची वेळ झाली. मुलीने निमूटपणे बॅग भरली आणि ती आईमागे निघाली.

आई दारात थांबली. "तू कुठं निघाली? तुझी बाय अजून ताठ उभी नाय राहत. ते करून ये."

आणि ती एकटीच एसटी स्टँडकडे गेली.