सर्वेबाईंची एक खोटी नोंद

बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. समोरचा माणूस हसो, चिडो की सगळ्या पुढाऱ्यांचा उद्धार करो, बाई मान किंचित कलती करून शांतपणे ऐकत बसायच्या. लोकांची मतं गोळा करणाऱ्या एका संस्थेच्या त्या जालना जिल्ह्याच्या सुपरवायझर, आणि मी त्यांच्या हाताखाली दारोदार फिरणारा. गावोगावचे लोक त्यांना ‘सर्वेबाई’ म्हणत, आम्ही नुसतं ‘बाई’. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "चेहरा कोरा ठेवायचा. तुझ्या भुवया हलल्या का समोरच्याचं उत्तर हललंच म्हणून समज."

घरातल्या नेमक्या कोणाला प्रश्न विचारायचे, याचा वरून आलेला नियम मोठा गमतीदार होता. ज्याचा वाढदिवस आधी येतो, त्याला. नियम करणाऱ्याला काय ठाऊक, की आमच्याकडे निम्म्या गावाची जन्मतारीख एक जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनीच टाकलेली. राजूरला एका घरात पाचही माणसं एक जूनची निघाली, तेव्हा मी गांगरून बाईंना बोलावून आणलं. त्यांनी वहीचं पान फाडून पाच चिठ्ठ्या केल्या आणि घरातल्या म्हातारीला एक उचलायला लावली. सुनेचं नाव निघालं. नवरा लगेच पुढे सरकला. "तिला काय कळतंय? मी सांगतो ना."

"दादा, घोटभर पाणी पाजता का?" बाई म्हणाल्या. तो आत गेला आणि बाईंनी प्रश्न टाकला. मतदान सक्तीचं करणारा कायदा असावा का? "नसावा," सून हळूच म्हणाली. "मत माझं हाय. जाईन, न्हाई तर न्हाई जाणार." नवरा तांब्या घेऊन आला तोवर पुढचे दोन प्रश्नही उरकले होते. अशी तहान बाईंना दिवसातून दहा ठिकाणी लागायची, आणि प्रत्येक ठिकाणी त्या पाणी खरोखरच प्यायच्या.

त्याच फेरीत मतदानाच्या प्रश्नांनंतर आणखी एक प्रश्न होता. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एकमेकांशी लग्न करण्याचा कायद्यानं हक्क असावा का? तो मी मान खाली घालून घाईघाईनं वाचायचो. मी आणि नितीन दोन वर्षं एकत्र राहत होतो. माझ्या घरच्यांना कळलं तेव्हा त्यांनी माझं नाव टाकलं होतं, आणि जालन्यात तर आम्ही सगळ्यांच्या लेखी भाड्याची खोली वाटून घेणारे दोघे होतो.

धावड्याला एक आजी मिरच्यांची देठं खुडत बसली होती. प्रश्न ऐकून ती हसली. "करंनात का बाबा, आपल्याला काय!" झालं, मी ‘पूर्ण सहमत’वर खूण करून मोकळा झालो. पर्याय वाचलेच नाहीत. त्या दिवशी मला कोणाचं तरी ‘हो’ हवंच होतं.

आमचं काम तपासायला दहातल्या एका घरी बाई स्वतः जाऊन पुन्हा विचारायच्या. त्या खेपेला नेमकं आजीचंच घर निघालं. बाई मला सोबत घेऊन गेल्या आणि चारही पर्याय सावकाश वाचले. आजीनं हातातली मिरची खाली ठेवली. "न्हाई बाई, असलं मला न्हाई पटत." बाईंनी तसंच लिहिलं आणि आजीचे आभार मानले.

स्टँडवर त्यांनी विचारलं, "तुला तिचं ‘हो’ कशाला पाहिजे होतं रे?" माझ्याच्यानं खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. बाई ऐकत होत्या, चेहरा नेहमीसारखाच. मी हट्टाला पेटलो. "मंग तुमचं उत्तर काय, बाई?"

"फॉर्म काढ. पर्याय वाच." मी वाचले. "सांगता येत न्हाई. लिही."

मला ते इतकं लागलं, की एसटीत भोकरदन येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिलो. "खोटं ‘हो’ देऊ का तुला?" त्या एवढंच म्हणाल्या. ही गोष्ट त्यांनी कुठे काढली नाही आणि माझं कामही काढून घेतलं नाही. महिनाभर मी केलेलं घर न् घर मात्र तपासलं.

पुढच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. नितीननं ‘मित्र’ लिहिलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, नात्यातलं कोणी आणा. घाबरून नितीननं बाईंना फोन केला. बाई मस्तगडच्या आपल्या घरून रिक्षानं आल्या, रकान्यात ‘मावशी’ लिहिलं आणि सही ठोकली. हे नितीननं सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. बाईंनी, आणि खोटं लिहिलं?

दोन वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक त्यांना नागपूरला न्यायला आली. मी आणि नितीन सामान बांधायला गेलो होतो. बाई खुर्चीतून म्हणाल्या, "स्टँडवरचा माझा तो फॉर्म हाय का तुझ्यापाशी?"

"आहे. खोडून दुरुस्त करू?"

"खबरदार! तवाचं उत्तर तवा बराबर होतं. नवा फॉर्म काढ."

नवा फॉर्म कुठला? मी वहीचं पान घेतलं. बाईंनी मला पूर्ण प्रश्न वाचायला लावला, चारही पर्यायांसकट. नितीन दोरी बांधायचा थांबला.

"पूर्ण सहमत," बाई म्हणाल्या. "सतरा वर्षांत एकच खोटी नोंद केली म्या, त्या दवाखान्यात. पुन्हा कुणावर ती येळ येऊ न्हाई."

मला पुढचं लिहिता येईना. "चेहरा कोरा ठेव," बाईंनी दटावलं. मला तो ठेवता आला नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनाही.